गुरुवारची खीर

शाल्मली हेंद्रेला दाढा वाचता येत. हात बघून भविष्य सांगणाऱ्या बुवांशी तिची गल्लत करू नका, ती फार चिडते. तिचा संबंध फक्त भूतकाळाशी. समोरच्या माणसाला खुर्चीत बसवायचं, दीड मिनिट ‘आ’ करायला लावायचं, पेनाएवढा प्रकाशशोधक त्याच्या मागच्या दाढेवर टेकवायचा आणि त्या दाढेनं लहानपणी काय काय नोंदवून ठेवलंय ते पडद्यावर उलगडायचं. पुण्याच्या दंतवाचन केंद्रात ती सात वर्षं हेच करत होती आणि तिच्या मते जगात याहून मजेचं काम नव्हतं.

आता हे वाचन म्हणजे नेमकं काय, ते एकदा सांगून टाकतो. हाड हे मोठं विसरभोळं असतं. शरीर ते रोज थोडं मोडतं, रोज थोडं बांधतं, आणि काही वर्षांत जुन्याचा मागमूस राहत नाही. दाताचं तसं नाही. दाताच्या आतला गाभा वाढत्या वयात एकावर एक पातळ पदर चढत तयार होतो, चिरोट्याला पदर असतात तसा, आणि एकदा चढलेला पदर मरेपर्यंत बदलत नाही. अंगात ड जीवनसत्त्व पुरेसं असेल तर पदर घट्ट बसतो, कमी पडलं तर भुसभुशीत राहतो. ही गोष्ट शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होती, पण ते बघायला दात उपटून कापावा लागे. २०४१ साली दात जागच्या जागी ठेवून एकेका दिवसाचा पदर मोजणारं यंत्र आलं, आणि माणसांची बालपणं धडाधड उघडी पडायला लागली.

२०४८च्या मार्चमधल्या त्या मंगळवारी सकाळी शाल्मली एका जुन्या चाचणीतल्या दाढा वाचत होती. एकवीस वर्षांपूर्वी कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या चौसष्ट मुलांवर ही चाचणी झाली होती. त्यातली एक्कावन्न आता मोठी होऊन, बरी होऊन इथे तिथे नांदत होती. शाल्मली स्वतः त्यातलीच. सातव्या वर्षी तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. आपल्या दाढेचा क्रमांक तिला पाठ होता आणि यंत्राची तालीम म्हणून सगळ्यात आधी तिनं तीच वाचली होती.

चाचणी साधी होती. या मुलांची हाडं उपचारांनी पोखरली जातात. स्टेरॉइडं हाडातला चुना काढून घेतात, काही औषधांनी कातडी इतकी हळवी होते की उन्हात जायचीच बंदी, आणि महिनोन्महिने वॉर्डात पडून राहणाऱ्या पोराला ऊन दिसणार तरी कुठून? त्यामुळे अंगातलं ड जीवनसत्त्व तळाला जातं आणि पुष्कळांचं बरे झाल्यावरही वर येत नाही. तर दर आठवड्याला एक पुडी द्यायची. निम्म्यांच्या पुडीत जीवनसत्त्व, निम्म्यांच्या पुडीत नुसती साखर. कुणाला काय ते चिठ्ठी टाकून ठरणार, आणि ते ना आईबापांना ठाऊक, ना डॉक्टरांना. दोन वर्षांनी हाडं मोजली तर दोन्ही गट जवळपास सारखेच! निष्कर्ष निघाला, उपयोग नाही. कर्करोगातून बऱ्या होणाऱ्या मुलांच्या औषधांच्या यादीतून ती पुडी काढून टाकली गेली, त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती.

“मॅडम, हे बघता का जरा?” शाल्मलीनं हाक मारली.

डॉ. बिडवे चष्मा कपाळावर चढवून आल्या. केंद्राच्या प्रमुख, बोलायला फटकळ, पण कामाला एक नंबर. पडद्यावर दाढेचे पदर होते आणि दर सातव्या पदरावर एक उजळ रेघ. पुडीची रेघ.

“बरं मग? याला जीवनसत्त्व मिळालं.”

“बहुतेक सगळ्यांनाच मिळालंय, मॅडम. निम्म्यांच्या दाढेत रेघा नकोत ना? चौतीस जणांच्या दाढेत आहेत, एकूणएक. पण निम्म्या तेजाच्या. उरलेले सतरा बरोबर आहेत, अकरांना भरपूर उजळ रेघा आणि सहांना काहीच नाही.”

“आणि वार?”

केमोच्या मोठ्या डोसाची दाढेत काळी खूण उमटते आणि त्या डोसाची तारीख इस्पितळाच्या कागदांत असते. तिथून पदर मोजत गेलं की कुठला दिवस ते कळतं. शाल्मलीनं यंत्राला आज्ञा दिली. पडद्यावर चौतीस वेळा एकच शब्द आला, गुरुवार.

“गुरुवारीच का? दत्ताचा वार म्हणून?” डॉ. बिडवे हसल्या. “हे चौतीस जण राहायला कुठे होते?”

ते शाल्मलीला बघावं लागलं नाही. तिच्या जिभेवर एकदम शेवयांची चव आली. इस्पितळामागच्या मथुराबाई धर्मशाळेत दर गुरुवारी खीर व्हायची. एक्केचाळीस पोरं ओळीनं बसायची. सातव्या वर्षी तिनं ढीगभर वाईट गोष्टी पाहिल्या होत्या, पण त्या दोन वर्षांतलं चांगलं काही आठव म्हटलं की तिला ती खीर आठवायची.

“मला जरा घरी जायचंय,” ती म्हणाली.

धायरीच्या घरी तिची आई, उज्ज्वलाबाई, पावटे सोलत बसली होती. ही बाई म्हणजे एक प्रकरण होतं. लेक बरी झाल्यावर बाकीच्यांनी इस्पितळाला लांबून नमस्कार केला, पण ह्या दर बुधवारी मुलांच्या वॉर्डात जाऊन बसायच्या. पाठीच्या कण्यातून पाणी काढताना लेकराला कसं धरायचं, केस गळायला लागले की काय बोलायचं आणि काय मुळीच बोलायचं नाही, हे नव्या आयांना सांगायच्या. उज्ज्वलामावशी बोलल्या म्हणजे झालं, असं वॉर्डातल्या बायका म्हणत. डॉक्टरांच्या शब्दालाही तिथं तेवढी किंमत नव्हती.

“आई, धर्मशाळेतल्या खिरीत तुम्ही काय काय घालायचात?”

“आज मध्येच खीर कुठून आठवली? दूध, शेवया, साखर. वेलदोडा असला तर असला. जैनबच्या हाताला चव होती हो, तशी खीर पुन्हा नाही खाल्ली.” जैनब म्हणजे शेजारच्या खोलीतल्या रुबिनाची आई. मिरजेकडची. तीन वर्षांपूर्वी ती वारली.

“आणि?”

“आणि पुड्या. त्या चाचणीच्या.” उज्ज्वलाबाईंनी शेंग सोलता सोलता सांगितलं. “का गं?”

“सगळ्यांच्या?”

“सगळ्यांच्या. खीर कोमट झाली की घालायच्या, कढत असताना नाही, तेवढी अक्कल होती आम्हाला. मी ढवळायची, जैनब वाढायची. एका पोराला एक डाव, मोजून.”

“पण का आई? ज्याची पुडी त्याला द्यायची ना!”

“का म्हणजे? तो कागद वाचलास का तू? निम्म्यांना औषध, निम्म्यांना साखर, आणि तेही चिठ्ठ्या टाकून! मी म्हटलं, काय थट्टा लावलीय का पोरांची? एका नळावर हात धुणारी, एका ताटात जेवणारी लेकरं. एकाचे केस गेले की दुसरं धाय मोकलून रडायचं. त्यातल्या एकीच्या वाटीत औषध आणि दुसरीच्या वाटीत साखर, आणि मी बघत बसू? पहिल्याच आठवड्यात आम्ही सगळ्या बायकांनी ठरवलं. सगळं एकत्र करायचं आणि सारखं वाटायचं. कुणाचं लेकरू कोरडं राहायला नको.”

“आणि वहीत काय लिहायचात?”

“‘पुडी दिली’ म्हणून. दिलीच की! खोटं अक्षर नाही लिहिलं कुणी.”

तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. शाल्मलीला रडावं की हसावं कळेना. तिनं आईच्या हातातलं सूप काढून बाजूला ठेवलं आणि समोर बसली.

“चिठ्ठी का टाकतात, सांगू? आपण निवडून दिलं की जे पोर जास्त आजारी त्याला औषध देतो. मग ते पोर दगावलं तरी आजाराने की औषधाने, कळत नाही. चिठ्ठी टाकली की दोन्हीकडे सगळ्या तऱ्हेची पोरं सारखी वाटली जातात. फरक उरतो तो एकट्या पुडीचा. तुम्ही तो फरकच खिरीत ढवळून टाकलात, आई. दोन्ही गटांना निम्मं निम्मं मिळालं, दोन्ही सारखे निघाले, आणि मोठमोठी माणसं म्हणाली की ह्या औषधात दम नाही. म्हणून बंद केलं.”

“बंद म्हणजे?”

“माझ्यानंतर आलेल्या कुठल्याच पोराला मिळालं नाही. एकोणीस वर्षं.”

उज्ज्वलाबाईंनी बाजूचं सूप पुन्हा जवळ ओढलं. मग एकदम उसळल्या. “मग आम्हाला हे असं कुणी सांगितलं का? एक डॉक्टर आला, कागद घडाघड वाचला, सह्या घेतल्या आणि गेला. पोर मरतंय की जगतंय ह्या घोरात आम्ही. तू आत्ता जसं बसून सांगितलंस तसं एका तरी माणसानं बसून सांगितलं असतं तर?”

हे मात्र खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी डॉ. बिडव्यांनी जुनी बंद यादी परवानगी काढून उघडली. कुणाच्या नावावर कसली पुडी होती, त्याची. शाल्मली हेंद्रे, साखर. तिच्या खाली चार ओळी सोडून रुबिना मुजावर, औषध.

शाल्मलीनं ती ओळ दोनदा वाचली. रुबिना तिची सगळ्यात जुनी मैत्रीण. एका खाटेवर दोघी बसून सलाइनच्या बाटल्यांतले थेंब मोजायच्या. आता ती कोंढव्याच्या शाळेत भूमिती शिकवत होती. गेल्या वर्षी बसच्या पायरीवरून उतरताना तिचा खुबा मोडला, तिसाव्या वर्षी. पडली नाही, आपटली नाही, नुसतं पाऊल टाकलं आणि कट्कन आवाज आला. तेव्हापासून आत लोखंड आणि हातात काठी.

“तिला पूर्ण पुडी मिळाली असती तर वाचला असता खुबा?”

“एका माणसाबद्दल आकडे कधीच सांगत नाहीत,” डॉ. बिडवे म्हणाल्या. “पण धर्मशाळेबाहेर राहिलेल्या, पूर्ण पुडी मिळालेल्या त्या अकरा जणांपैकी एकाचंही हाड आजवर मोडलेलं नाही. अकरा म्हणजे काही फार नव्हेत. आणि हे बघ, धर्मशाळेतल्यांत ज्याच्या दाढेत गुरुवार जास्त, त्याची हाडं बळकट. तू दोन वर्षं होतीस, तुझी ठणठणीत. रुबिनाला स्टेरॉइडं दुप्पट गेली होती, तिला निम्म्यावर भागलं नाही. असं दिसतंय.”

“मग छापू या की.”

“छापीन. पण उद्या कुणीही उठून म्हणेल की रेघा पुडीच्या कशावरून, खिरीतल्या दुधाच्या असतील. खिरीत पुड्या पडत होत्या हे सांगणारं माणूस हवं, नावानिशी. नसेल तर ‘संशय आहे’ एवढंच लिहिता येईल, आणि संशयावर कुणी औषधांची यादी बदलत नाही.” त्यांनी चष्मा पुसला. “तुझी आई आहे. मी पुन्हा विचारणार नाही.”

घरी पोचेपर्यंत शाल्मलीनं ठरवलं होतं की आईला रुबिनाचं सांगायचं नाही. पण उज्ज्वलाबाई दारातच उभ्या होत्या.

“तुझी पुडी कसली निघाली?”

“साखरेची.”

“बघ!” आईचा चेहरा उजळला. “म्हणजे मी केलं म्हणून तुला...” आणि ती तिथेच अडली. “रुबिनाची?”

शाल्मलीनं चप्पल काढायला वेळ लावला. पण आईला पोरीचं मौन वाचायला यंत्र लागत नाही.

“नको सांगूस तिला,” उज्ज्वलाबाई हळूच म्हणाल्या. “जैनब गेल्यापासून तिला माझ्याशिवाय कोण आहे? ती माझ्याकडे बघेनाशी झाली तर मी काय करू? शाले, तुझ्या पाया पडते.”

“आई, काहीतरीच काय!”

“आणि त्या वॉर्डातल्या बायका? त्या मला उभं करतील का दारात?”

आठवडाभर दोघी एकमेकींशी मीठ-तेलापुरतं बोलल्या. शाल्मलीला आईचा राग येई, पण आपली हाडं ज्यावर भरली ते दुसऱ्याच्या पुडीतून आलंय, हे तिला विसरता येत नव्हतं. आईनं चूक केली नसती तर कदाचित काठी आपल्याच हातात असती, हेही ती जाणून होती.

पुढच्या बुधवारी उज्ज्वलाबाई नेहमीसारख्या वॉर्डात गेल्या आणि तासाभरात परत आल्या. पिशवी टेकवत म्हणाल्या, “एका बाईनं विचारलं, मावशी, पोराच्या हाडांसाठी काही गोळी असते का हो? माझ्या तोंडून ‘नसते’ असं निघालं. एकोणीस वर्षं हेच सांगतेय मी. आज मात्र जीभ जड झाली.” त्यांनी तोंडावर पाणी मारलं. “रविवारी रुबिनाकडे जाऊ. मी सांगीन. तू मध्ये बोलायचं नाहीस.”

रविवारी सकाळी रुबिना वह्या तपासत बसली होती. दार उघडल्या उघडल्या तिनं सुरू केलं, “काय ओ मावशी, न सांगता आलाय? शाले, तू वजन वाढवलंयस काय? बसा, चहा टाकते.”

“चहा नको. तू बस.” उज्ज्वलाबाई उभ्याच राहिल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कुठे आडपडदा ठेवला नाही, कुठे आपली बाजू मांडली नाही.

रुबिनाला आधी हसू आलं. “अम्मीची खीर? त्यात औषध होतं?” मग तिचं हसू हळूहळू मावळलं. “माझ्या नावावर औषध होतं?”

“हो.”

“आणि शालीच्या नावावर साखर.”

“हो गं पोरी.”

रुबिनानं लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “मावशी, तेव्हा मला कुणी विचारलं असतं ना, की शालीला तुझ्यातलं अर्धं देशील का, तर मी दिलं असतं. पाऊणसुद्धा दिलं असतं. नऊ वर्षांची होते, मला कळत होतं. पण विचारायला पाहिजे होतं कुणीतरी. माझीच हाडं होती ती.” तिचा आवाज चढला. “अम्मी असती तर तिच्याशी भांडले असते. आता तिच्या वाटचंही तुमच्याशीच भांडायला लागणार.”

“भांड. मी त्यासाठीच आलेय.”

“आज नको. आज तुम्ही जावा.”

शाल्मलीनं तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे केला. रुबिना मागे सरकली. “तू पण जा. तुझ्यावर राग नाही माझा. तुझ्या पायांवर आहे. धडाधड जिना चढून आलीस ना, ऐकू आलं मला.”

त्या दिवशी शाल्मली तीन मजले एकेक पायरी करत, कठड्याला धरून उतरली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

उज्ज्वलाबाईंची साक्ष लिहून घेतली गेली. एक्केचाळीस पोरांची नावं, कोण कधी आलं, कोण कधी घरी गेलं आणि कोण गेलंच, सगळं त्यांनी कागदाशिवाय सांगितलं. संशोधन त्यांच्या नावानिशी छापून आलं. वर्तमानपत्रांनी आपली हौस भागवून घेतली. ‘आयांच्या मायेने विज्ञान फसले’ असा एक मथळा होता, तो वाचून उज्ज्वलाबाईंनी पेपर शेल्फात अंथरला. रुबिनाचा फोन मात्र आला नाही. महिना गेला, दोन गेले. सणासुदीला तिच्यासाठी काढून ठेवलेला डबा तसाच परत धुतला गेला.

तज्ज्ञांच्या समितीनं मान डोलावली आणि म्हटलं, चिन्हं चांगली आहेत, पण यादी बदलायची तर चाचणी नव्यानं आणि नीट व्हायला हवी. चार इस्पितळं, तीनशे मुलं, पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा निम्म्यांना साखर. शाल्मलीला आयांना समजावून सांगायच्या कामावर नेमलं. पहिल्या आठवड्यात त्याच जुन्या वॉर्डात एकाही बाईनं सही केली नाही. “उज्ज्वलामावशींना विचारून सांगतो,” असं म्हणाल्या. पेपरात सगळं वाचूनसुद्धा!

म्हणून जुलैतल्या एका बुधवारी वॉर्डाच्या हॉलमध्ये बाकं मांडली. वीसेक बाया, कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या पोराच्या हाताला सुई. उज्ज्वलाबाई पुढे खुर्चीवर बसल्या. इतक्यात दारातून काठीचा आवाज आला. रुबिना आत आली, कुणाकडे न बघता पुढे गेली आणि उज्ज्वलाबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

“तू कशाला आलीस गं?” उज्ज्वलाबाईंनी पुटपुटत विचारलं.

“तुम्ही गोड करून सांगू नये म्हणून.”

चिठ्ठी म्हणजे काय ते उज्ज्वलाबाईंनी सांगितलं, शाल्मलीनं पावटे बाजूला सारून सांगितलं होतं तसंच, पण जास्त चांगलं. बाया ऐकत होत्या. मग मागच्या बाकावरची एक तरुण आई उठली. नांदेडकडची, शेजारी टोपी घातलेली सहा-सात वर्षांची मुलगी.

“मावशी, तुम्हाला बोलायला काय जातंय? तुमच्या पोरीच्या वाट्याला साखर आली असती म्हणजे?”

“आलीच होती,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

दोन बाया पोरांना कडेवर घेऊन पुढे सरकल्या.

“मग तुम्ही काय केलं?”

उज्ज्वलाबाईंनी रुबिनाकडे पाहिलं. रुबिना समोर बघत होती. “सांगा की.”

“हिच्या वाटचं अर्धं काढून माझ्या पोरीला दिलं. हिच्या आईनं आणि मी मिळून, हसत हसत. वाटलं, न्याय केला. ही काठी बघताय ना? आणि आम्ही ते लपवलं म्हणून एकोणीस वर्षं कुणाच्याच पोराला मिळालं नाही. तुमच्याही नाही.” त्यांनी मागच्या बाकापर्यंत नजर फिरवली. “माझी पोर आज सात वर्षांची असती तर मी सही केली असती का? देवाशपथ, मला माहीत नाही. म्हणून कर म्हणत नाही. विचारतेय.”

ती बाई रुबिनाकडे वळली. “ताई, तुम्ही काय केलं असतं?”

“मला विचारलंच नव्हतं कुणी. तू हिला विचार की,” रुबिनानं टोपीवाल्या पोरीकडे बोट दाखवलं. “हाडं तिची आहेत.”

काही बाया हसल्या. पण त्या बाईनं खरंच पोरीला समोर बाकावर बसवलं आणि आपल्या भाषेत सगळं समजावलं. कुणाला औषधाची पुडी, कुणाला साखरेची, आपल्याला कुठली ते कळायचं नाही, दुसऱ्याला द्यायची नाही, दुसऱ्याची घ्यायची नाही. पोरीनं टोपी खाजवली आणि विचार केला.

“आणि संपल्यावर? ज्यांना साखर मिळाली त्यांना मग खरी देणार?”

सगळ्यांनी शाल्मलीकडे पाहिलं. तिनं हातातला कागद पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळला. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. अकरा तज्ज्ञांनी महिनाभर बसून तो मसुदा केला होता, आणि ही गोष्ट त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात आली नव्हती. तिनं तिथल्या तिथे डॉ. बिडव्यांना फोन लावला.

पलीकडून फटकळ आवाज आला. “देणार म्हणून सांग. लेखी देतो. औषध लागू पडलं असं दिसलं, की साखरवाल्यांना सगळ्यांच्या आधी. मी आजच समितीकडून पास करून घेते. कोण गं ती पोरगी? तिला इकडे नोकरीला पाठव.”

शाल्मलीनं ते मोठ्यांदा सांगितलं आणि पेन काढून कागदाच्या तळाशी लिहायला लागली.

“हातानं लिहू नका,” पोरीची आई म्हणाली. “छापून आणा, शिक्का मारून. मग सही करते.”

“बरोबर आहे तुझं,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या, आणि कित्येक महिन्यांनी त्या खळखळून हसल्या. शेजारी रुबिनाही हसली, आणि मग आपण अजून रागावलोय हे आठवून तिनं तोंड फिरवलं.